चिमाबाईने राई झाडली

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा किडे-मुंग्या माणसांशी बोलत असत आणि माणसंही, नवल म्हणा हवं तर, त्यांचं ऐकून घेत असत. लहानांनी पुढे सरकून बसा. मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल, पण पेंगू नका. गोष्ट तुमच्यासाठीही आहे.

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला देवीची राई होती आणि राईच्या पायथ्याशी एक झरा. गावाला पाणी म्हणून काय ते तेवढंच. विहीर खणायला जावं, तर हातभर खाली काळा पत्थर लागे.

राईला एक राखणदार असे. त्याचं काम म्हणजे काही करायचं नाही आणि कुणाला काही करू द्यायचं नाही. काडी मोडायची नाही, फळ तोडायचं नाही, आणि राईतलं एक पानसुद्धा राईबाहेर जाऊ द्यायचं नाही. राईतून परतताना प्रत्येकाने वेशीच्या दगडाशी थांबून धोतर, पदर, पागोटं झटकायचं, अशी रीत होती. पाटील तर मिशासुद्धा झटकत. या कामासाठी राखणदाराला राईच्या तोंडाशी एक ऐसपैस घर मिळे.

पण त्या घराला एक अट होती. माघात देवीची जत्रा भरे. त्या दिवशी झऱ्याखाली तांब्याचा मोठा हंडा लावायचा आणि आरती सुरू करायची. आरती संपायच्या आत हंडा काठोकाठ भरला, तर घर आणखी एक वर्ष राखणदाराचं. नाही भरला, तर दुसऱ्या दिवशी घर रिकामं करून गावाबाहेरची वाट धरायची. अट कडक होती, पण तिची भीती कुणालाच नव्हती. पहिलं कडवं संपायच्या आत हंडा भरून वाहू लागे आणि उरलेली आरती पुजारीबुवा ओल्या पायांनी म्हणत.

त्या काळी धाकोजी हा राखणदार होता. काही न करण्याचं काम तो मन लावून करी. आणि चिमाबाई ही त्याची बायको. तिच्याबद्दल जरा बैजवार सांगायला हवं.

चिमाबाई स्वच्छ होती. तुम्ही आम्ही स्वच्छ असतो तशी नव्हे हो! ती चुलीत घालायचं सरपण धुऊन, वाळवून मग चुलीत घाली. गाय शेपटी उचलायच्या बेतात आली, की ही पाटी घेऊन मागे हजर. शेण जमिनीला लागलं असं तिच्या गोठ्यात कधी घडलं नाही. पाहुणा आला तर ओटीवर एकदा पाय धुवायचे, उंबऱ्यात दुसऱ्यांदा, आणि जेवायचं असेल तर तिसऱ्यांदा. पुष्कळ पाहुणे दुसऱ्या खेपेलाच "घाईत आहे" म्हणून निघून जात. पंचक्रोशीत तिच्या अंगणाचं नाव होतं, आणि ते अंगण हा तिचा जीव होता. घरात केरसुण्याच पाच होत्या. धाकोजीला बसायला मात्र धड जागा नव्हती, म्हणून तो बिचारा दिवसभर राईत असे.

चिमाबाईने राई आतून कधी पाहिली नव्हती. भाकरी द्यायला येई ती वेशीच्या दगडापर्यंत. पण एका पौषात धाकोजीचा पाय मुरगळला, आणि चार दिवस राखणीला जायची पाळी तिच्यावर आली.

ती आत शिरली आणि जागच्या जागी थिजली.

"अगं बाई बाई बाई!" ती ओरडली.

पोटरीपर्यंत पाचोळा. मोडून पडलेला ओंडका, तोही कधीचा कोण जाणे, हात लावला तर भुसभुशीत. त्याच्यावर अळंब्यांच्या छत्र्या. जागोजागी लेंड्या, पिसं, कुजकी फळं, वाळवीची वारुळं. पायाने पाचोळा सारला, तर खाली काळीकुट्ट ओलसर माती, आणि मातीत वळवळणारी गांडुळं.

"अहो, ही तुमची राखण?" घरी येऊन तिने नवऱ्याला धारेवर धरलं. "देवी राहते तिथे! महिन्यावर जत्रा आली. चार गावची माणसं येतील. म्हणतील, चिमाबाईचं अंगण बघा आणि चिमाबाईची राई बघा. तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"अगं, राई आहे ती. राई अशीच असते," धाकोजी म्हणाला.

"अशीच असते कारण तुम्ही असेच आहात."

"पण रीत आहे ना! एक पान बाहेर जाता कामा नये."

चिमाबाईने क्षणभर विचार केला. मग तिचा चेहरा उजळला. "बाहेर कुठे नेतेय मी? तिथल्या तिथे जाळून टाकीन."

धाकोजीने रीत मनात घोळवून पाहिली, पण तीत जाळण्याबद्दल काहीच नव्हतं. असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

दुसऱ्या दिवशी पाच केरसुण्या घरी ठेवून चिमाबाई तीन खराटे घेऊन राईत गेली. महिनाभर राईतून खर्रखर्र आवाज आणि धूर येत होता. पाचोळा जळला. ओंडका जळला. अळंब्या खरवडून झाल्या, वारुळं फोडून झाली. वाऱ्याने राख उडाली, तीही गेली. आणि एवढं करून ती थांबेल तर ती चिमाबाई कसली! तिने पाणी मारून, चोपण्याने बडवून राईची जमीन केली, शेणाने सारवली आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती रांगोळी काढली.

जत्रेला आलेली माणसं आ वासून बघत राहिली. "राई की माजघर!" एकजण म्हणाला. लोकांनी चपला बाहेर काढल्या. पाटलांनी भरल्या जत्रेत चिमाबाईला खण-नारळ दिला. हंडा पहिल्या कडव्यालाच भरला. झाडं तर कशी तरारलेली! धाकोजीला वाटलं, आपणच खुळे. तोही टाळ्या वाजवू लागला.

त्यात नवल काही नव्हतं. कणगीत धान्य असेतोवर शेत पिकलं नाही हे पोटाला कळत नाही. मातीचंही तसंच असतं.

दुसऱ्या वर्षी चिमाबाईने सारवण आणखी घट्ट केलं आणि रांगोळीत मोर काढले. त्या वर्षी झाडांची पानं जरा बारीक आली. "बरं झालं, केर कमी," चिमाबाई म्हणाली. जांभळाला फळ धरलं ते वाटाण्याएवढं. जत्रेत हंडा भरायला तीन कडवी लागली, पण लोक मोरच बघत होते.

तिसऱ्या वर्षी पाऊस पडला तो सारवलेल्या जमिनीवरून घसरत, रांगोळ्या पुसत, सरळ ओढ्याला जाऊन मिळाला. राईत थांबायला त्याला कुणी म्हटलंच नाही. ऐन आश्विनात झाडांनी पानं पिवळी केली. काळी माती उघडी पडली होती तिथे भुरी, फिकी, विटकराच्या चुऱ्यासारखी दिसू लागली. झऱ्याची धार मनगटाएवढी होती ती बोटाएवढी झाली. चिमाबाईला वाटलं, झऱ्याला शेवाळ धरलंय. तिने शेवाळही घासून काढलं.

माघी जत्रा आली. आरती सुरू झाली. एक कडवं झालं, दोन झाली, पाच झाली. सगळे मान वाकडी करून हंड्याकडे बघत होते. पुजारीबुवांनी शेवटची टाळी वाजवली आणि त्याच टाळीला शेवटचा थेंब काठावर टेकला. भरला! पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

पाटील घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, खण-नारळ मीच दिला होता, ते काही विसरलो नाही. पण पुढल्या वर्षी हे असंच राहिलं, तर रीत ती रीत. आम्ही पितो ते पाणी आहे हे."

चिमाबाई घरी आली आणि अंगणाच्या कडेला मटकन बसली. हे अंगण, ही ओटी, हा तुळशीचा कट्टा, सगळं सोडायचं? पहिल्यांदाच तिला काय झाडावं ते सुचेना.

सकाळी ती सडा घालायला बाहेर आली, तर दारात गर्दी. पुढे गांडुळं, त्यांच्या मागे शेणकिडे, एका पळसाच्या पानावर मुंडावळ्या बांधल्यासारखी नटून बसलेली वाळवीची राणी आणि ते पान ओढणाऱ्या हजारभर वाळव्या. सगळ्यांत मागे एक म्हातारी अळंबी धापा टाकत उभी होती.

"पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही!" चिमाबाईच्या तोंडून सवयीने गेलं.

"आम्हाला पाय नाहीत," सगळ्यांत मोठं गांडूळ अदबीने म्हणालं.

"मला सहा आहेत," शेणकिडा म्हणाला. "पाणी जरा जास्त लागेल."

आवाज ऐकून धाकोजी बाहेर आला आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. "अरे, तुम्ही इकडे कसे? घरचे सगळे बरे?"

"घर कुठे राहिलं, धाकोजीराव?" गांडूळ म्हणालं. "तुमच्या बाईंनी आमचं घर झाडलं, म्हणून आम्ही बाईंच्या घरी राहायला आलो. तीन वर्षं कशीबशी काढली. आता खायला काही उरलं नाही."

"माझ्या घरात?" चिमाबाई किंचाळली. "खायला काय आहे इथे तुमच्या?"

वाळवीच्या राणीने घरावरून सावकाश नजर फिरवली. "खांब आहेत. तुळया आहेत. त्या बाजेचे पाय सागाचे दिसतात. आम्हाला एकच काम येतं बाई, मेलेल्या लाकडाची माती करायची. कुठल्या घरचं लाकूड, ते आम्ही विचारत नाही."

चिमाबाईने केरसुणी उगारली. केरसुणीचा नुसता बुडखा हातात राहिला. बाकीची आत कुणीतरी आधीच न्याहारीला घेतली होती.

मंडळी, पुढले आठ दिवस काय सांगू! तिसऱ्या दिवशी धाकोजीसकट बाज खाली आली. शेणकिड्यांनी गोठ्यातून शेणाचे लाडू वळून माजघरातून ढकलत नेले. आणि अळंबी, स्वभावाने फार गरीब, कुणाला अडचण नको म्हणून देव्हाऱ्यामागच्या ओलीत उगवली. पाच केरसुण्यांपैकी एकही उरली नाही.

नवव्या दिवशी चिमाबाई मोडलेल्या बाजेजवळ बसली आणि ढसाढसा रडली. "अरे, घर माघात जायचंच आहे माझं. तोवर तरी उभं राहू द्या. मी तुमचं काय वाईट केलं होतं? रीतसुद्धा मोडली नाही मी. एक पान बाहेर नेलं नाही!"

गांडूळ तिच्याजवळ सरकलं. तिने पाय आखडून घेतला नाही, एवढी ती थकली होती.

"पान नेलं नाही," गांडूळ म्हणालं, "पण मग तो धूर कुठे गेला, बाई?"

चिमाबाईने मान वळवून राईकडे पाहिलं. गांडूळच पुढे सांगू लागलं.

"झाडाची मुळं दगड चावत नाहीत हो. आम्ही वाढू तेच जेवतात. वरून पान पडतं. वाळवी, शेणकिडे, अळंबी, मी, सगळे मिळून त्याचं बारीक करतो, काळी माती करतो. ती मुळं खातात आणि त्याचंच पुढल्या वर्षी नवं पान येतं. आजीच्या आजीच्या वेळेपासून राईत तीच पानं वर-खाली करतायत. आणि ती काळी माती पाऊस धरून ठेवते, सावकाश झऱ्याला सोडते. मातीतून वर आलं पान तर पुन्हा मातीत जायला हवं. धूर झालेलं पान आम्हाला कुठे सापडायचं?"

"आणि वर चोपण्याने बडवलंत," शेणकिडा म्हणाला. "माझा मावसभाऊ अजून खाली आहे."

चिमाबाईने पदराने डोळे पुसले. मग ती म्हणाली, "आता काय करू ते सांगा."

"जेवायला वाढा," वाळवीची राणी म्हणाली. "राईत वाढा, म्हणजे इथे खाणार नाही."

पण वाढणार काय? राईतला पाचोळा तर जाळून झाला होता आणि झाडांवर पानं उरली होती ती मोजकीच. चिमाबाईने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तिने पाटी काखोटीला मारली, नाकापर्यंत पदर ओढला आणि गावातल्या पहिल्या दारात जाऊन उभी राहिली. ते दार नेमकं सगुणाबाईचं. याच सगुणाबाईला तिने एकदा चारचौघींत म्हटलं होतं, की तुझ्या अंगणात कोंबडीसुद्धा नाक मुरडून चालते.

"केर वाढा हो, बाई," चिमाबाई पुटपुटली.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

"केर वाढा!" चिमाबाई मोठ्याने म्हणाली. कान लाल झाले होते तिचे.

सगुणाबाई हसून हसून खालीच बसली. मग आत ओरडली, "अगं सुनांनो, बाहेर या सगळ्या! चिमाबाई केर मागायला आलीये! धुऊन देऊ का गं? निवडून देऊ?"

"द्याल तसा द्या," चिमाबाई म्हणाली. "माझं घर जायचंय. त्याचं काही नाही, माझ्या हाताने गेलं. पण तुमचा झरा माझ्यामुळे आटला, तो मला परत आणू दे."

सगुणाबाईचं हसू थांबलं. तिने पाटी भरली. वर आणखी ओंजळभर घातला आणि पाटी स्वतः उचलून चिमाबाईच्या डोक्यावर दिली.

त्या दिवसापासून रोज सकाळी गावात हाक उठे, "केर वाढा हो, माई, केर!" कुणी भाताचं तूस वाढलं, कुणी आंब्याचा पाला, कुणी केळीचं सोपट, कुणी छपराचं जुनं गवत. पाटलांनी वाळवीसाठी आपली मोडकी गाडी दिली. कालपर्यंत धड होती ती मोडकी कशी झाली, ते त्यांनी सांगितलं नाही. पोरं "चिमामावशी, हे घ्या" म्हणून शेळीच्या लेंड्या ओंजळीत घेऊन धावत येत, आणि चिमाबाई त्या पदरात घेई. पदरात! धाकोजीने ते पाहिलं आणि त्याला दोनदा डोळे चोळावे लागले. राईत तिने स्वतःच पहार घेऊन सारवण फोडलं, मोर मोडले आणि आणलेलं सगळं हाताने पसरलं. पसरताना सवयीने रांगेत पसरे. मग आठवण होऊन विस्कटून टाकी.

राईत पान वाढलं, तसे पाहुणे एकेक करून तिच्या घरातून निघाले. शेणकिड्याला त्याचा मावसभाऊ सापडला, पातळ झाला होता पण जिवंत होता. वाळवीची राणी सगळ्यांत शेवटी गेली. जाताना म्हणाली, "तुळई चवीला बरी होती." मग पाऊस आला. या खेपेला त्याला राईत थांबायला जागा मिळाली.

माघी जत्रेच्या दिवशी सगळं गाव झऱ्याशी जमलं. धाकोजी आणि चिमाबाई गाठोडं बांधूनच आले होते. धार बोटापेक्षा जाड होती, पण मनगटाएवढी नव्हती. एका वर्षात माती काय काळी होते? हंडा लावला. आरती सुरू झाली.

पहिलं कडवं झालं. तिसरं झालं. शेवटचं कडवं आलं, तेव्हा हंड्याला चार बोटं कमी होती. चिमाबाईने डोळे मिटून घेतले.

आणि तिला जाणवलं, की आरती फारच सावकाश चालली आहे. एकेक अक्षर ओढून ओढून. सगुणाबाई तर एकाच शब्दावर इतका वेळ होती, की तिचा श्वास संपला आणि शेजारणीने तो शब्द पुढे घेतला. पुजारीबुवांनी शेवटची टाळी मारायला हात वर केले आणि ते वरच राहिले. त्यांनी हंड्याकडे पाहिलं, मग पाटलांकडे.

"बुवा," पाटील करड्या आवाजात म्हणाले, "गणपतीची झाली का?"

"नाही अजून."

"मग आरती संपली असं कोण म्हणतंय? घ्या गणपतीची."

गणपतीची झाली. शंकराची झाली. दोन बोटं कमी. ग्रामदेवाची झाली. मग कुणाला कुलदैवत आठवलं, कुणाला शेजारच्या गावचा देव. शेवटी देव संपले तेव्हा एका पोराने घाबरत विचारलं, "गांडुळाची आरती असते का?" "आता असते!" पाटील म्हणाले, आणि पुजारीबुवांनी ती उभ्या उभ्या रचली. चाल काही जमली नाही, पण सगळं गाव ताल धरून म्हणत होतं. तिसऱ्या ओळीला हंडा भरला आणि पुजारीबुवांच्या पायांवर पाणी आलं.

चिमाबाईने हंड्यातलं पहिलं ओंजळभर पाणी घेतलं आणि पाचोळ्यावर ओतलं. गाठोडं सोडून ती सरळ घरी गेली आणि सगळ्या गावाला जेवायला बोलावलं. पाय एकदाच धुवायला लावले.

पुढल्या वर्षी हंडा आरतीच्या निम्म्यात भरला, आणखी काही वर्षांनी पहिल्या कडव्याला. गांडुळाची आरती मात्र गावाने चालू ठेवली. चिमाबाईचं अंगण शेवटपर्यंत लखलखीत होतं. केर तेवढा ती रोज संध्याकाळी पाटीत भरून राईत नेऊन वाढी आणि परतताना वेशीच्या दगडाशी पदर झटके, अगदी शेवटचं पान खाली पडेपर्यंत.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: आपण ज्याला केर म्हणून झाडतो ते कुणाच्या तरी ताटातलं अन्न असतं, आणि त्याचं ताट रिकामं झालं की आपला हंडाही रिकामाच राहतो.